कशाला मजबूत?

डिसेंबरात, ऐन थंडीत, दिंडोरीकडच्या एका द्राक्ष एक्सपोर्टरचं काम आलं. आठ पानांचं चकचकीत ब्रोशर, इंग्रजीत, ते रशियनमधे करून द्यायचं. जानेवारीत सीझन सुरू व्हायच्या आत तिकडच्या बायरकडे जायला हवं होतं. मी शब्दाचा रेट सांगितला, भाऊ बरं म्हणाले, आणि अर्ध्या तासाने परत फोन. "मॅडम, पुतण्याने मोजलंय, त्यात स्ट्राँग हा शब्द नऊ वेळा आहे. मग त्याचे पैसे एकदाच लागतील ना? एकदा लिहिला की पुढं कॉपी-पेस्टच आहे."

मला आधी हसू आलं, मग जरा राग आला, पण खरं सांगायचं तर माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर असतं, ते फाइल उघडल्या उघडल्या परत परत आलेली वाक्यं मोजतं आणि मोठे क्लायंट त्या हिशोबाने पैसे कापतात. फक्त ते अख्खी वाक्यं मोजतं, सुटे शब्द नाही. भाऊंनी एक पायरी पुढं जाऊन शब्दावरच डिस्काउंट मागितला. मी म्हटलं, आधी काम तर करू द्या.

ब्रोशर उघडलं. स्ट्राँग बॉक्स. स्ट्राँग क्वालिटी कंट्रोल. स्ट्राँग एक्सपिरियन्स, स्ट्राँग डिमांड, शेतकऱ्यांशी स्ट्राँग रिलेशन, स्ट्राँग कोल्ड चेन, स्ट्राँग टेस्ट, स्ट्राँग बिलीफ, आणि शेवटच्या पानावर हात घडी घालून उभ्या असलेल्या माणसांच्या फोटोखाली स्ट्राँग टीम. कॉलेज रोडवरच्या कुठल्यातरी डिझाइनर पोराने लिहिलं असणार, एक शब्द सापडला आणि मिसळीवर फरसाण टाकावं तसा सगळीकडे टाकला. इंग्रजीत ते खपतंही. रशियनमधे मात्र या नऊ जागांना एक शब्द चालत नाही. निदान सहा-सात तरी लागतात.

रशियन शिकायला लागलं की स्ट्राँगसाठी पहिला शब्द शिकवतात तो सील्नी. सीला म्हणजे बळ, जोर, त्यावरून सील्नी. नवशिका माणूस मग जिथं तिथं सील्नी ठोकतो आणि समोरचा रशियन माणूस सभ्य असेल तर गालातल्या गालात हसतो. मी 1991 मधे पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटला सर्टिफिकेट कोर्सला होते. (त्याच डिसेंबरात सोव्हिएत युनियन गुंडाळला गेला, आणि आत्या म्हणाली, आता कुणाशी बोलणारेस गं ती भाषा?) पहिल्याच निबंधात मी सील्नी चहा प्यायले. बाईंनी वहीत लाल गोल केला आणि विचारलं, तुझा चहा काय वजनं उचलतो का?

पुढच्या आठवड्यात बाई एक इलेक्ट्रिक किटली आणि एक चिनीमातीची मुठीएवढी किटली घेऊन वर्गात आल्या. छोट्या किटलीत चहाची पत्ती आणि थोडंसं उकळतं पाणी, वर टोपी झाकून ठेवलं. दहा मिनिटांनी त्यातून जे निघालं ते रंगाने पार आयोडीनसारखं. याला झवार्का म्हणतात. कपात बोटभर झवार्का ओतायची आणि वरून नुसतं गरम पाणी. म्हणजे चहा स्ट्राँग की लाइट हे गॅसवर ठरत नाही, ज्याच्या त्याच्या कपात ठरतं. आपल्याकडे एकदा आल्यासकट उकळला की घरातल्या सगळ्यांच्या नशिबी एकच चहा. जास्त झवार्का घातलेला तो क्र्येपकी चाय. हो, चहाला ते चाय म्हणतात, तेवढं एक बरं आहे.

क्र्येपकी. हा शब्द मला फार आवडला, कारण तो कळायला इंग्रजी लागलंच नाही. कडक चहा. बस. मग बाई एकेक सांगत गेल्या आणि मी मनातल्या मनात मराठी लावत गेले. क्र्येपकी गाठ म्हणजे घट्ट गाठ. क्र्येपकी मैत्री, घट्ट मैत्री. क्र्येपकी झोप म्हणजे गाढ झोप. क्र्येपकी मरोस म्हणजे कडाक्याची थंडी, ती जिच्यात निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरच्या पहिल्या पानावर येतो आणि लोक द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसतात. क्र्येपकी शब्द म्हणजे शिवी! आणि एखाद्याच्या वाढदिवसाला हमखास इच्छा देतात ती क्र्येपकी तब्येतीची, म्हणजे ठणठणीत. जिथं आपण घट्ट, कडक, गाढ, ठणठणीत म्हणतो, आत काहीतरी दाटून बसलेलं असतं, मोकळी जागा राहिलेली नसते, तिथं क्र्येपकी येतो.

आणि सील्नी कुठं? जिथं मराठीत जोर येतो तिथं. जोराचा वारा, जोराचा पाऊस, जोराची कळ, जोराची भूक, सगळं सील्नी. इंग्रजीत वारा स्ट्राँग आणि पाऊस हेवी असतो, आपल्याकडे आणि त्यांच्याकडे दोघांनाही जोरच. काळ्या समुद्रावर नोव्हरसीस्क नावाचं बंदर आहे, तिथं हिवाळ्यात डोंगरावरून बोरा नावाचा गार वारा कोसळतो, इतका की जहाजांवर बर्फ चढतं आणि बंदराचं काम थांबतं. तो सील्नी. त्याला कुणी क्र्येपकी म्हटलंच तर एखादा जुना खलाशी म्हणेल, मी ब्रोशरमधे लिहिणार नाही.

याच क्र्येपकीचा एक नातेवाईक आहे, क्र्येपस्त. त्याचे अर्थ दोन. एक, किल्ला. सेंट पीटर्सबर्ग शहर 1703 मधे ज्या किल्ल्यापासून सुरू झालं ती पण क्र्येपस्त. दुसरा अर्थ, दारूतलं अल्कोहोलचं प्रमाण. व्होडकाची क्र्येपस्त 40. नाशिकच्या एका वायनरीचं लेबल करताना मला हे दोन्ही अर्थ एकाच दुपारी लागले, कारण लेबलच्या मागच्या बाजूला वाईनची टक्केवारी होती आणि खाली रामशेजची गोष्ट, 1682 मधे औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला आणि त्या एवढ्याशा गडाने त्यांना वर्षानुवर्षं झुंजवलं ती. एका ओळीत क्र्येपस्त 12 टक्के, चार ओळींखाली क्र्येपस्त रामशेज. मी ते बदलून दुसरा शब्द शोधणार होते, मग तसंच ठेवलं. ज्याला कळलं त्याला गंमत वाटली असेल.

असो. हे सगळं ऐकून वाटतं की मला आता स्ट्राँग नीट जमतो. नाही जमत. पंधराएक वर्षांपूर्वी अंबडच्या एमआयडीसीतल्या एका युनिटचं काम होतं, धातू धुवायच्या एका केमिकलची सेफ्टी शीट. त्यात लिहिलेलं की यात स्ट्राँग ॲसिड आहे. मी चहा-दारूच्या लायनीवर जाऊन बिनधास्त क्र्येपकाया किस्लता लिहून टाकलं. किस्लता म्हणजे ॲसिड, ती स्त्रीलिंगी म्हणून क्र्येपकीचं क्र्येपकाया. तिकडे व्होल्गोग्राडला एक संपादक बाई माझं काम तपासायच्या, त्यांचा मेल आला, फक्त एक ओळ: तुमच्या ॲसिडमधे पाणी किती आहे?

मी गोंधळले. मग त्यांनी समजावलं आणि मला अकरावीचं केमिस्ट्री आठवलं. ॲसिडच्या बाबतीत रशियनमधे सील्नी वेगळं आणि क्र्येपकी वेगळं. सील्नी म्हणजे जातीचं जोरकस, पाण्यात पडलं की जवळजवळ सगळं सुटं होतं, आयन होतात, जसं हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक. क्र्येपकी म्हणजे दाट, कॉन्सन्ट्रेटेड. आमच्या शीटमधलं हायड्रोक्लोरिक होतं पण भरपूर पाणी घातलेलं. म्हणजे सील्नी, पण क्र्येपकी अजिबात नाही. उलटं उदाहरण त्यांच्या स्वयंपाकघरात असतं. व्हिनेगरचं ॲसिड जातीने कमजोर, पण तिकडे किराणा दुकानात 70 टक्क्यांची व्हिनेगरची बाटली मिळते, ती पातळ करून वापरायची. जातीने कमजोर आणि तरी इतकी क्र्येपकी की सरळ तोंडाला लावली तर घसा जाळेल. एक शब्द चुकला की शीट वाचणारा माणूस हातमोजे तरी चुकीचे घालणार किंवा नसती घाबरगुंडी तरी. इतकी वर्षं झाली, पण ती एक ओळ आठवली की अजून कानशिलं गरम होतात.

त्या रात्री मी अण्णांना हे सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, ओझरला होते, एचएएलच्या विमान कारखान्यात. नाशिकचे जुने लोक एचएएल म्हणत नाहीत, मिग म्हणतात. कुठं असतात? मिगला. आमचा पत्ताच ओझर मिग होता. 1964 मधे मिग-21 ही लढाऊ विमानं बनवायला हा कारखाना निघाला, मिकोयान आणि गुरेविच या दोन माणसांच्या नावावरून मिग, आणि रशियनमधे मिग या शब्दाचा अर्थ योगायोगाने क्षण असा आहे. म्हणजे पंचवीस वर्षं आम्ही ओझर-क्षण इथं राहिलो. अण्णांच्या टेबलावर रशियन ड्रॉइंग्ज यायची, त्यांना ती भाषा बोलता आली नाही कधी पण ड्रॉइंगवरचे शब्द ते चित्रासारखे ओळखायचे. मला पहिली रशियन अक्षरं त्यांनीच दाखवली, जेवणाच्या ताटात, बोटाने वरणावर.

तर अण्णांनी ॲसिडची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "तू विचारलंस का, स्ट्राँग कशाला?"

"कशाला म्हणजे?"

ते उठले आणि माझ्या फायलीतली यू-पिन काढली. दोन्ही टोकं धरून ओढली. "बघ, ओढायला स्ट्राँग आहे. तुटणार नाही तुझ्याने." मग वाकवली, एकदा इकडे, एकदा तिकडे. सात-आठ वेळा झाल्यावर तार मधेच मोडली, आणि मोडलेलं टोक त्यांनी माझ्या गालाला लावलं, गरम लागलं. "आता काय म्हणशील, स्ट्राँग की नाही? ताणाला स्ट्राँग, दाबाला वेगळं, वाकवायला वेगळं, पिळायला वेगळं. आणि परत परत वाकवायला अजून वेगळं. नुसतं मजबूत असं काही नसतं. कशाला मजबूत ते आधी सांग, मग आकडा सांगतो."

हे त्यांनी मोठा विचार वगैरे म्हणून नाही सांगितलं, वर्कशॉपमधे पोरांना सांगायचे तसंच सांगितलं आणि पिन माझी वाया घालवली. पण मला त्या दिवशी तिसरा शब्द नीट कळला, प्रोच्नी. वस्तूची मजबुती, जी टिकते, भार घेते. दोर प्रोच्नी, कापड प्रोच्नी, आणि शांतता टिकणारी असेल तर तीसुद्धा. रशियन इंजिनियर लोकांचा एक विषय असतो, सप्रमात, आपला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, फक्त त्यांच्या नावात स्ट्रेंथ नाहीच, प्रतिकार आहे. वस्तू किती प्रतिकार करते. इतका अवघड की तिकडे म्हण पडलीये, सप्रमात सुटला की लग्न करायला हरकत नाही. अण्णांना ही म्हण सांगितली तर म्हणाले, माझं लग्न आधी झालं, त्यामुळे सप्रमात सोपा गेला. आई आतून ऐकत होती.

परत परत वाकवून तार मोडते त्याला रशियनमधे धातूची उस्तालस्त म्हणतात. उस्तालस्त म्हणजे साधा रोजचा थकवा, ऑफिसातून आल्यावर येतो तोच. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ झाला तेव्हा अण्णा सकाळपासून आंघोळ करून टीव्हीसमोर बसले होते. विमानं येऊन उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडवले, अण्णा काही बोलले नाहीत. मग बऱ्याच वेळाने एवढंच, "थकलं असेल गं." मला वाटलं भावनेने बोलतायत. नाही, त्यांना पंखाच्या मुळाशी किती वेळा ताण आला असेल ते म्हणायचं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी अण्णांची बायपास झाली होती. तीन दिवस आयसीयू, मी आणि आई बाहेरच्या स्टीलच्या खुर्च्यांवर. मोबाइलवर स्टे स्ट्राँग, स्टे स्ट्राँग, बरोबर दंड फुगवलेली इमोजी. लोकांना वाईट म्हणत नाही मी, मीसुद्धा पाठवते. मामी मात्र डबा घेऊन आली आणि म्हणाली, "धीर धर. पोळी खा आधी." आणि संध्याकाळी व्होल्गोग्राडच्या त्या बाईंचा मेसेज, एकच शब्द, दिर्झीस. त्यात सील्नी नाही, क्र्येपकी नाही, प्रोच्नी नाही. स्वतःला धरून राहा, सुटू नकोस, एवढाच अर्थ. मामी पण धर म्हणाली आणि या पण धर म्हणाल्या, आणि दंड फुगवायला कुणीच सांगितलं नाही हे त्या खुर्चीवर मला फार बरं वाटलं. वॉर्डमधे आणल्यावर अण्णांना सांगितलं तर क्षीण आवाजात म्हणे, धरू काय, हा सलाईनचा स्टँड? त्याला तर चाकं आहेत.

तर परत ब्रोशरकडे. मी दोन तास डोकं लावलं आणि मग सरळ भाऊंना फोन केला. म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेवा, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला मराठीत सांगा, एकेक.

"पेटी? दणकट आहे मॅडम. एकावर एक रचल्या तरी खालची बसत नाही. कोल्ड स्टोरेजला ओल धरते, पुठ्ठा नरम पडतो, तरी नाही." प्रोच्नी, मी लिहिलं. तपासणी? "एकदम कडक. फवारणीच्या औषधाच्या रेसिड्यूचा रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही." इथं मी क्षणभर फसणार होते, कडक म्हणून क्र्येपकी लिहायला हात गेला, पण हा कडक मास्तरवाला कडक, त्याला स्त्रोगी. अनुभव? "दांडगा. वडलांपासून बाग आहे." रशियनमधे अनुभव नुसता बल्शोय असतो, मोठा, दांडगा म्हणायची सोय नाही, तेवढं नुकसान झालं. शेतकऱ्यांशी नातं घट्ट, म्हणजे आपला क्र्येपकी. मागणी जोरदार, तर जोराच्या नियमाने सील्नी यायला पाहिजे, नाही येत, मागणी उंच असते तिकडे, विसोकी. का ते विचारू नका, आपल्याकडे तरी भाव चढतात आणि माणूस उतरतो याला कुठं उत्तर आहे. विश्वास ठाम, त्व्योर्दी. चव? भाऊ जरा थांबले. "म्हणजे नुसती गोड नाही. मिळमिळीत नाही. भरल्यासारखी लागते." रशियन शब्द अगदी तोच, भरलेली, नसीश्शनी. आणि कोल्ड चेन विचारल्यावर ते जवळजवळ ओरडलेच, "तुटली नाही पाहिजे! बागेतून काढल्यापासून प्रीकूलिंग, कंटेनर, जहाज, पार तिकडच्या गोडाऊनपर्यंत कुठं म्हणजे कुठं तुटली नाही पाहिजे." तिकडच्या धंद्यातला शब्द निप्रिरीव्नाया, म्हणजे न तुटणारी, अखंड. भाऊंना रशियन येत होतं, फक्त त्यांना माहीत नव्हतं.

मधे एक भांडण झालं. मी म्हटलं थॉम्पसन जातीच्या द्राक्षाला आपण तिकडे किशमिश म्हणू. "अहो किसमिस काय? बेदाणा नाही हो आमचा, ताजा माल आहे!" मग समजावलं की रशियन माणूस बिनबियांच्या ताज्या द्राक्षालाच किशमिश म्हणतो, बेदाण्याला त्यांच्याकडे इझ्यूम असा वेगळा शब्द आहे. त्यांना पटलं नाही, पुतण्याने गूगलवर फोटो काढून दाखवले तेव्हा पटलं.

राहिली टीम. स्पर्धा जिंकणारी टीम असेल तर सील्नी, मिळूनमिसळून असेल तर रशियन लोकांचा एक ठरलेला शब्दप्रयोग आहे, कंपन्यांच्या जाहिरातीत हमखास दिसतो, तो टाकता येतो. म्हटलं, टीम म्हणजे कोण हो नक्की?

"तसं सीझनला पॅकहाऊसला चिक्कार बाया असतात. पण त्या दरवर्षी वेगळ्या. सुपरवायझर दिवाळीनंतर सोडून गेला. फोटोतले दोघं डिझाइनरचे मित्र आहेत." मग आवाज उतरला. "टीम म्हणजे मी, पुतण्या आणि ही. हिशोब सगळा हीच बघते." मागून बाईचा आवाज आला, कुणाला काय सांगताय?

मी टीम हा शब्द काढूनच टाकला आणि क्र्येपकाया सिम्या लिहिलं. घट्ट कुटुंब. भाऊंना वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, ते म्हणाले फोटो बदलायला लागेल मग.

बिल पाठवलं, नऊच्या नऊ स्ट्राँगचे पैसे लावून. काही बोलले नाहीत, पूर्ण दिले, आणि फेब्रुवारीत माणसाबरोबर द्राक्षाची एक पेटी पाठवली घरी. द्राक्षं आईने धुवायला घेतली. अण्णांनी रिकामी पेटी उचलली, कोपरे दाबून बघितले, पुठ्ठ्याच्या कडेला नाळ्या मोजल्या, मग ती जमिनीवर ठेवली आणि आई नाही नाही म्हणत असताना भिंतीला हात टेकवून तिच्यावर उभे राहिले. एकोणऐंशीचा माणूस, छातीवर टाके.

"दाबाला चांगली आहे," म्हणाले. "ओलीत ठेवून बघायला पाहिजे."